उतरणीचे दुखणे

सोमवारी सकाळी मीरा रोड स्थानकाच्या पुलावर क्षणभर थांबले, की शनिवार-रविवारी कोण यात्रेला जाऊन आले हे न विचारता कळते. चर्चगेटची लोकल गाठण्यासाठी सारा लोंढा धडधडत जिना उतरत असतो. त्यात चार-पाच जण मात्र कठडा घट्ट धरून, अंग तिरके करून, एक पाय खाली टेकवून मग दुसरा त्याच पायरीवर आणत सावकाश उतरतात. मागून येणारे चिडतात. या मंडळींच्या चेहऱ्यावर कळ आणि कृतार्थता एकाच वेळी दिसते. मागील महिन्यात आमच्या वसाहतीतील वीस-बावीस जण मांगीतुंगीला जाऊन आले, तेव्हा हे दृश्य मी लागोपाठ दोन दिवस पाहिले आणि एक गोष्ट प्रथमच नीट ध्यानात आली. हीच माणसे पूल चढताना विशेष कण्हत नव्हती. कण्हणे सारे उतरताना होते.

दुपारी त्यांतील निम्मे माझ्या औषधांच्या दुकानात आले. एक गृहस्थ म्हणाले, "शेठ, पायांत लॅक्टिक ॲसिड साठलंय. जिममधला मुलगा सांगत होता. ते बाहेर काढायचं काहीतरी द्या."

गेली तीस वर्षे मी हे दुकान चालवतो. हे वाक्य मी केवळ ऐकलेले नाही. गिऱ्हाइकांना स्वतः शेकडो वेळा ऐकवलेले आहे, आणि त्याच्या बळावर मलमे, फवारे, साखर-मिठाच्या पुड्या विकलेल्या आहेत. ते वाक्य चुकीचे आहे. दुकानातून खोटा माल गेला असेल, तर तो परत घेण्याची आपल्याकडे रीत आहे. म्हणून या वेळचा हा लेख.

प्रथम हा पदार्थ कोणता ते पाहू. १७८० साली कार्ल विल्हेल्म शीले या स्वीडनमधील औषधविक्याने, म्हणजे माझ्याच एका व्यवसायबंधूने, आंबलेल्या दुधातून एक आम्ल वेगळे काढले. म्हणून त्याचे नाव दुधावरून पडले. आपण त्याला दुग्धाम्ल म्हणतो. रात्री विरजण लावले की सकाळी दह्याला जी आंबट चव येते ती याचीच. पुढे १८०७ च्या सुमारास बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाला शिकारीत धावून धावून मेलेल्या हरणाच्या स्नायूंत तेच आम्ल आढळले. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९०७ मध्ये, केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकांच्या पायांचे स्नायू कापून घेऊन ते दमेपर्यंत आकुंचित करविले आणि प्राणवायू नसताना त्यांत हे आम्ल साचत जाते असे दाखवून दिले. आपल्या घरांत हे वाचताना मन थबकते. लिहिताना माझेही थबकले. तरी सांगतो, कारण चूक नेमकी तेथेच शिरली. कापून वेगळ्या केलेल्या स्नायूला रक्ताभिसरण नसते. तयार झालेले आम्ल जाणार कोठे? ते तेथेच राहिले, आणि स्नायूही त्याच वेळी दमला. दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या, म्हणून एकीला दुसरीचे कारण ठरविण्यात आले. चालत्या-फिरत्या माणसाच्या मांडीतून मात्र रक्त अखंड वाहत असते, हा एवढा मोठा फरक कोणी हिशेबात धरला नाही.

१९२२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ यांना याच विषयावरील कामासाठी मिळाले, आणि 'आम्ल साचले म्हणजे स्नायू दमला' हा समज पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. तो फार काळ टिकला नाही. १९३० मध्ये कोपनहेगनच्या आयनार लुंड्सगार्ड यांनी एका रसायनाने स्नायूत हे आम्ल तयार होणेच बंद पाडले. तरीही स्नायू काही काळ आकुंचन पावत राहिला, आणि आम्लाचा अंशही नसताना शेवटी दमला. त्याआधी तीनच वर्षे, हार्वर्डमध्ये काम करणारे आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी सायरस फिस्के यांच्यासह स्नायूतील फॉस्फोक्रिएटिन हे ऊर्जाद्रव्य शोधून काढले होते. स्नायूची शक्ती कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर त्या शोधाने बदलले. पुस्तके हळूहळू सुधारली. व्यायामशाळा आणि औषधांची दुकाने मात्र १९२२ मध्येच राहिली.

तर मग स्नायूत खरोखर घडते काय? वाचकांपैकी बहुतेकांचे आयुष्य पेढीवर गेले आहे, म्हणून पेढीच्याच भाषेत सांगतो. स्नायूला प्रत्येक आकुंचनासाठी रोकड लागते. तिचे नाव एटीपी. हातातील रोकड दोन-तीन सेकंदांत संपते. शेजारी गल्ला असतो. तेच सुब्बारावांचे फॉस्फोक्रिएटिन. जोराने धावलो तर तोही दहा-बारा सेकंदांत आटतो. मग वखारीतील माल, म्हणजे साठविलेली शर्करा, फोडावी लागते. निवांत चालत असू तर ती प्राणवायूच्या साहाय्याने सावकाश आणि पूर्ण जाळली जाते, आणि एकेका कणातून भरपूर रोकड मिळते. पण चढ उभा असेल, घाई असेल, तर तेवढा धीर नसतो. अशा वेळी स्नायू शर्करा अर्धीच फोडतो, थोडी पण तातडीची रोकड उचलतो आणि उरलेल्या मूल्याची हुंडी लिहून रक्ताच्या हाती देतो. ही हुंडी म्हणजे लॅक्टेट.

हुंडी हा शब्द मी शोभेसाठी वापरीत नाही. आपल्या पणजोबांच्या काळी सुरतेच्या पेढीने लिहिलेली हुंडी पुण्याच्या पेढीवर वटत असे. कागद प्रवास करी आणि पैसा जेथे हवा तेथे उभा राही. रक्तातून निघालेले लॅक्टेट असेच हृदयाच्या स्नायूकडे जाते आणि तेथे थेट इंधन म्हणून वटते. यकृतात गेले तर यकृत त्यापासून पुन्हा शर्करा तयार करते. कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने उलगडलेले हे चक्र आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. शेजारचा, कमी काम करीत असलेला स्नायूही ते वापरतो. मेंदूदेखील वापरतो. कॅलिफोर्नियाचे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून हेच मांडले, की लॅक्टेट हा कचरा नाही, शरीरात फिरणारे चलन आहे. मी त्याला काढून टाकण्यासाठी पुड्या विकीत होतो! शिवाय शरीरात हा पदार्थ आम्लाच्या रूपात राहतच नाही. जवळजवळ सर्वच्या सर्व लॅक्टेटच्या रूपात असतो.

तो अगदी निष्पाप आहे असेही म्हणता येत नाही. जोराचा चढ चढताना मांड्या पेटल्यासारख्या होतात, ती जळजळ खरी असते. त्या क्षणी स्नायूत हायड्रोजनचे आयन वाढलेले असतात, फॉस्फेट साचलेले असते, पोटॅशियम पेशींबाहेर झिरपत असते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या युटा विद्यापीठात काही जणांच्या अंगठ्याच्या स्नायूत लॅक्टेट, आम्लता आणि एटीपी हे तिन्ही टोचून पाहण्यात आले. एकेकटे टोचले तर काहीच जाणवले नाही. तिन्ही एकत्र टोचले तेव्हा मात्र थकवा आणि ठणका जाणवू लागला. संगतीचा परिणाम म्हणावा, दुसरे काय.

पण ती जळजळ आणि सोमवारचे दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एक लिटर रक्तात लॅक्टेट साधारण एक मिलिमोल असते. सारे बळ पणाला लावून चारशे मीटर धावणाऱ्याच्या रक्तात ते पंधरा-वीसपर्यंत जाते, आणि तासाभरात जवळजवळ पूर्ववत होते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्यांसह तीन हजार मीटरचे अंतर आठ मिनिटे अकरा सेकंद आणि वीस शतांशांत तोडले. सुवर्णपदक अवघ्या पाच शतांशांनी हुकले. अशा शर्यतीच्या अखेरीस लॅक्टेट भरपूर चढते, पण तेही त्याच संध्याकाळी उतरलेले असते. आमची यात्रेकरू मंडळी तर दर पन्नास पायऱ्यांवर टेकत, पाणी पीत, गप्पा मारीत चढली होती. त्यांच्या पायांत जे काही लॅक्टेट तयार झाले असेल, ते बस सटाण्यापर्यंत पोहोचण्याआधीच वटून गेले होते. शनिवारच्या हुंडीचा तगादा सोमवारी लावण्यात अर्थ नाही.

मग सोमवारी दुखते ते काय?

याचा सर्वांत सरळ पुरावा १९८३ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका साध्या प्रयोगात मिळतो. काही जणांना सपाट पट्ट्यावर पाऊण तास धावविले आणि काहींना उताराच्या पट्ट्यावर. सपाटीवर धावणाऱ्यांच्या रक्तात लॅक्टेट वाढले, पण त्यांचे पाय नंतर विशेष दुखले नाहीत. उतारावर धावणाऱ्यांचे लॅक्टेट फारसे वाढलेच नाही. दोन दिवसांनी कण्हत होते ते मात्र हेच. पुलावर मी पाहत होतो ते याहून निराळे नव्हते.

माडीवरून दोराने पोते खाली सोडणारा हमाल आठवा. पोते वर ओढताना तो घामाघूम होतो, पण तळहात सोलून निघतात ते पोते खाली सोडताना. दोर हातातून सरकत असतो आणि तरी त्याला धरून ठेवायचे असते. डोंगर उतरताना मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला हेच करावे लागते. प्रत्येक पायरीवर शरीराचा सारा भार खाली येतो, गुडघा वाकतो, स्नायू ताणला जातो. आणि ताणला जात असतानाच त्याला घट्ट धरून ठेवावे लागते, नाहीतर माणूस कोसळेल. अशा धरून ताणण्यात स्नायूच्या अतिसूक्ष्म तंतूंची रचना ठिकठिकाणी विस्कटते. त्या वेळी काहीच जाणवत नाही. दुरुस्तीचे काम सुरू होते, सूज येते, मज्जातंतू हळवे होतात, आणि बारा ते चोवीस तासांनी दुखू लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला पोहोचते आणि आठवडाभरात ओसरते. उतरताना दम लागत नाही, हीच यातली फसवणूक. मांगीतुंगीच्या तीन हजारांवर पायऱ्या चढताना जी मुले दहा वेळा बसली, तीच उतरताना शर्यत लावून धावली. दुकानात सर्वांत आधी आली तीही तीच.

आपल्या समाजात याचे एक मोठे प्रात्यक्षिक पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि त्याकडे या दृष्टीने आपण पाहिलेले नाही. पालिताण्याला शत्रुंजयाची नव्वाणू यात्रा करणारे भाविक साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या पुनःपुन्हा चढतात आणि उतरतात. माझ्या काकूंनी ही यात्रा साठीच्या उंबरठ्यावर केली. त्या सांगत, "पहिले तीन-चार दिवस धर्मशाळेच्या खाटेवरून उठवत नव्हतं. मग पाय आपोआप बसले." दुखण्याचे कारण लॅक्टिक ॲसिड असते, तर रोज चढणाऱ्याचे पाय रोज दुखायला हवे होते. वास्तविक घडते ते असे, की एकदा विस्कटून सांधलेला स्नायू पुढच्या खेपेला तेवढ्याच भाराने विस्कटत नाही, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकते. डोलीवाले दुसऱ्या माणसाचा भार खांद्यावर घेऊन तो डोंगर उतरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तळेटीशी हजर असतात. त्यांच्या मांड्या पोलादाच्या नाहीत, त्यांना उतरण्याची सवय आहे.

याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे, आणि तो आपल्या नेहमीच्या सल्ल्याच्या नेमका उलटा आहे. यात्रेच्या तयारीसाठी जिना चढा, असे आपण सांगतो. श्वासासाठी ते योग्यच. पण दिवसभर गादीवर बसणाऱ्याला यात्रेनंतरचे दुखणे टाळायचे असेल, तर निघण्यापूर्वी तीन आठवडे, आठवड्यातून दोनदा, लिफ्टने वर जावे आणि जिन्याने खाली यावे. मीरा रोडच्या सात-सात मजली इमारतींत याला एक पैसाही लागत नाही. प्रथम एकदा, मग दोनदा, मग तीनदा उतरावे. ज्यांचे गुडघे झिजले आहेत त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. दुखू लागल्यावर काय करावे, तर हलके चालावे, पुरेशी झोप घ्यावी, हवी तर मालिश करून घ्यावी. मालिशने थोडा आराम पडतो. व्यायामाआधी-नंतर स्नायू ताणण्याने या दुखण्यात नगण्य फरक पडतो. माझ्या दुकानातले मलम कातडीला ऊब देते आणि मन रमवते. त्याने काहीही 'बाहेर' निघत नाही.

येथवरचे सारे लिहून मी थांबलो असतो, पण ज्या प्रसंगामुळे हे वाचायला लागलो, तो सांगितल्याशिवाय माल परत घेतला असे होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा भाचा सीएची परीक्षा आटोपून एका व्यायामशाळेत जाऊ लागला. वर्षभर खुर्चीवर बसलेल्या मुलाकडून पहिल्याच दिवशी दोनशेवर बैठका काढून घेण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो भिंतीला धरून दुकानात आला. मी हसलो. म्हणालो, "लॅक्टिक ॲसिड आहे रे, दोन दिवसांत जाईल," आणि वेदनाशामक गोळ्यांची पट्टी दिली. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही; घरचाच मुलगा, चिठ्ठी कसली मागायची? त्याने त्या तीन वेळा घेतल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. ती काही बोलेना, मुलानेच फोन घेतला. "मामा, लघवी काळ्या चहासारखी होतेय."

हे नुसते दुखणे नव्हते. स्नायू इतके फुटले होते की त्यांतील मायोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडांत अडकू लागले होते. या विकाराला ऱ्हॅबडोमायोलिसिस म्हणतात. रक्तातील जे सीके एरवी काही शेकड्यांच्या आत असायला हवे, ते पन्नास हजारांपुढे गेले होते. पाच दिवस सलाईन चालू होते. रुग्णालयातील तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "या गोळ्या कुणी दिल्या? स्नायू असे फुटले असताना या मूत्रपिंडाला आणखी घातक असतात." बहिणीने माझ्याकडे पाहिले नाही, एवढे तिचे उपकार. मुलाची मूत्रपिंडे वाचली. आज तो हिंडतो-फिरतो, ऑडिटला जातो. ती पट्टी मी दिली होती, हे त्याने बाहेर कोणालाही सांगितलेले नाही. म्हणून मी येथे सांगतो आहे.

तेव्हापासून 'लॅक्टिक ॲसिड' हा शब्द माझ्या दुकानात निदान म्हणून चालत नाही. कोणी पाय दुखतात म्हणून आले की मी तीन गोष्टी विचारतो. लघवीचा रंग गडद झाला आहे का? मांडी टणक होऊन सुजली आहे का? कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का? या गोळीनेही काहींचे स्नायू दुखतात, आणि ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांना कळायला हवे. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर होय असेल, तर मी काहीही विकत नाही. रिक्षात बसवून रुग्णालयात पाठवतो. चढताना छाती आवळते, जबडा किंवा हात भरून येतो आणि थांबले की बरे वाटते, असे कोणी सांगितले तर तेही थकव्याच्या खात्यात लिहीत नाही. ते हृदयाचे खाते आहे.

आणखी एक बाब भीत भीत लिहितो. चौविहार छठ करून, म्हणजे दोन दिवस अन्नपाण्याशिवाय राहून, शत्रुंजयाच्या सात यात्रा करणारे तपस्वी आपल्यात आहेत. त्या तपाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. ते महाराजसाहेबांचे क्षेत्र. पण मूत्रपिंड काय करते, हे मला आता माहीत आहे. स्नायूंतून उतरलेला मळ धुऊन काढायला त्याला पाणी लागते. ज्यांना मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, मूत्रपिंडाचा जुना त्रास आहे, त्यांनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना आणि महाराजसाहेबांना, दोघांनाही हे सांगावे. महाराजसाहेब प्रकृती पाहून आज्ञा देतात, असाच माझा अनुभव आहे. लपवतो तो आपणच.

मांगीतुंगीहून आलेल्या त्या गृहस्थांना मी त्या दिवशी हे सारे थोडक्यात सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांच्या मंडळी म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल हो भाऊ, पण मलमाची बाटली द्या. रात्री चोळलं की बरं वाटतं." मी बाटली दिली, छापील किमतीतून दहा रुपये कमी केले. दुकानाला तीन पायऱ्या आहेत. दोघेही एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, पाठमोरे होऊन, त्या उतरले.